‘तू’ म्हणायला सहा महिने लागले

स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. लिहिताना त्या ऊवर एक तिरकी रेघ देतात, एवढाच काय तो फरक. उच्चार तोच, अर्थ तोच. त्यांचा त सुद्धा आपल्यासारखाच, दातांना जीभ टेकवून निघणारा. अहो-जाहो करायचं असेल तर ‘उस्तेद’. पुण्यातल्या क्लासमध्ये हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी वहीत टीप काढली, ‘तू म्हणजे यू, इन्फॉर्मल, उस्तेद म्हणजे यू, फॉर्मल’, आणि पान उलटलं. त्या एका ओळीवर मी पुढे सहा महिने अडकून पडणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

सप्टेंबर २०१८ मध्ये मी स्पेनमधल्या सालामांकाला गेले. परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा नऊ महिन्यांचा भाषेचा अभ्यासक्रम होता. माद्रिदच्या विमानतळावरून थेट बस मिळाली. खिडकीबाहेर बघितलं तर सगळं माण-खटावसारखं. पिवळं, वाळलेलं, मैलोन्‌मैल सपाट, मधूनच एखादं खुरटं गोल झाड आणि त्याच्या सावलीला काळे बैल. सप्टेंबरात आमच्या साताऱ्याकडे डोंगर अजून हिरवेगार असतात. यांचा मात्र उन्हाळा नुकता संपत होता. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘एवढे पैसे भरून दहिवडीलाच गेलीस होय?’

राहायची सोय एका बाईंकडे होती. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, केस दर शुक्रवारी पार्लरमधून सेट करून आणणाऱ्या. नवरा वारलेला, मुलगी बायादोलिदला. मोकळी खोली त्या विद्यार्थ्यांना द्यायच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातली बॅग ओढून घेतली आणि एका दमात इतकं काही बोलल्या, की त्यातलं मला ‘थकली असशील’ तेवढं कळलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. अगदी शुद्ध, उस्तेदवालं. बाई थबकल्या. माझ्या मागे कोणी उभं आहे का बघितलं आणि म्हणाल्या, ‘मी इतकी म्हातारी दिसते तुला?’

मग त्यांनी मला एक क्रियापद शिकवलं, ‘तुतेआर’. म्हणजे एखाद्याला तू म्हणणं. इंग्रजीत याचं भाषांतर करायला अर्धी ओळ लागते. मला मात्र तत्क्षणी आपला शब्द आठवला, अरेतुरे करणं. गंमत अशी, की आपल्याकडे ‘अरेतुरे करायचं काम नाही’ हे भांडणातलं वाक्य आहे, आणि ही बाई माझ्याकडे अरेतुरेची मागणी करत होती. स्पेनमध्ये आता बहुतेक सगळीकडे तूच चालतं. बसचा ड्रायव्हर, बँकेतला कारकून, पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक, सगळे तू. माझ्या वर्गातल्या अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन पोरांना यात काहीच अडचण नव्हती. त्यांच्या कानाला तो एक परका आवाज होता. माझ्या कानाला तो परका नव्हता, हीच पंचाईत. पंचाहत्तर वर्षांच्या बाईंकडे बघून मी तोंड उघडायचे आणि जिभेवर येणारा शब्द असायचा चक्क ‘तू’. साताऱ्याच्या पेठेत वाढलेल्या मुलीची जीभ तिथे टाळ्याला चिकटते.

मग मी पळवाट काढली. ही पळवाट आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. नात्यानं मोठी पण वयानं लहान अशी जाऊ असली, किंवा ऑफिसात आपल्याच वयाचा साहेब आला, की आपण ‘तू’ही म्हणत नाही आणि ‘तुम्ही’ही म्हणत नाही. ‘चहा घ्यायचा ना?’ ‘निघायचं का?’ ‘जेवण झालं?’ कर्त्याला पडद्याआड ठेवून सगळा संसार चालवता येतो. स्पॅनिशमध्येही थोडं जमतं. ‘आय के’ म्हणजे ‘करायला हवं’. ‘पाव आणायला हवा का?’ असं विचारलं की कोण आणणार हा प्रश्न उरत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर मी बाईंशी असंच बोलले. आणायला हवं का, धुवायला हवं का, बंद करायला हवं का. त्यांना वाटलं असेल, या मुलीला फक्त कर्तव्यंच माहीत आहेत.

वर्गात मात्र वेगळंच घडत होतं.

दुसऱ्या आठवड्यात ‘मे गुस्ता’ची उजळणी होती. पुण्यात हा धडा मी घोकून पास झाले होते. ‘मला कॉफी आवडते’ यातला कर्ता ‘मी’ नसून कॉफी आहे, क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं, हे आम्हाला इंग्रजीतून समजावून सांगितलं होतं आणि ते समजावणं इतकं वळणावळणाचं होतं, की मी तो स्पॅनिशचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिला होता. इथेही तेच. ओहायोचा एक मुलगा पुन्हा पुन्हा ‘यो गुस्तो’ म्हणत होता आणि शिकवणाऱ्या बाई फळ्यावर बाण काढत होत्या, कॉफीकडून माणसाकडे. मी ते बाण बघत होते आणि एकाएकी माझ्या डोक्यात मराठी वाक्य उमटलं. मला कॉफी आवडते. मला पुस्तकं आवडतात. मे गुस्ता एल काफे. मे गुस्तान लोस लिब्रोस. अहो, हे तर आपलंच! ‘मला’ तिथे ‘मे’ ठेवायचं आणि पुढे चालायचं. तीन वर्षं मी साताऱ्याहून पुण्याला जायला लंडनची गाडी पकडत होते.

त्या दुपारी मी वही उलट्या बाजूनं सुरू केली. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी, मध्ये कुणी नाही. पानं भराभर भरत गेली. ‘मला वाटतं’ म्हणजे ‘मे पारेथे’. ‘मला सुचलं’ म्हणजे ‘से मे ओकुर्रियो’. मी सुचवलं नाही, ते आपलं आपण मला सुचलं. लहानपणी आजीकडे ‘जायचे’ याला ‘इबा’, आणि काल बाजारात ‘गेले’ याला ‘फुई’. भूतकाळाचे हे दोन प्रकार शिकवताना वर्गात दोन तास गेले होते, नकाशे काढून. जायचे आणि गेले यांत गल्लत करणारा मराठी माणूस मला दाखवा. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातला तो ‘यावंस’, तो लाघवी, अजून न घडलेल्या गोष्टीचा हात धरून असलेला प्रत्यय, त्याच्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाची एक वेगळी अख्खी चाल आहे आणि तिच्या धास्तीनं लोक अभ्यासक्रम सोडून जातात.

आणि सगळ्यात नवल मला याचं वाटलं. स्पॅनिशमध्ये पुस्तक शोधायचं असेल तर ‘बुस्को उन लिब्रो’ म्हणतात, पण भावाला शोधायचं असेल तर मध्ये एक ‘आ’ घालतात, ‘बुस्को आ मी एर्मानो’. माणसाच्या आधी तो ‘आ’ लागतो, वस्तूच्या आधी नाही. वर्गात सगळे वैतागले, हे काय आणखी. मी मनात दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. मी पुस्तक शोधतेय. मी भावाला शोधतेय. तो ‘ला’! आयुष्यभर मी माणसांना ‘ला’ लावत आले आणि पुस्तकांना नाही, आणि हे मला सांगायला एक परकी भाषा यावी लागली. शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ केले होते, ‘स ला ते, स ला ना ते’, परीक्षेपुरते.

आता कुणी म्हणेल, मग मराठी माणसाला स्पॅनिश म्हणजे डाव्या हातचा मळ. तसं अजिबात नाही. जिथे घसरायचं तिथे मी व्यवस्थित घसरले.

एकतर ते थ. स्पेनच्या या भागात ‘स’ वेगळा आणि ‘थ’ वेगळा, आणि तो थ आपला थालीपिठाचा नव्हे. दातांमध्ये जीभ ठेवून नुसती हवा सोडायची. मी सुरुवातीला आळस करून सगळीकडे ‘स’ म्हणायचे. लॅटिन अमेरिकेत चालतं ते. पण एका रविवारी बाई चर्चमधून यायच्या आत मी भात लावला आणि त्या आल्यावर मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘ए कोसिदो एल अर्रोस’. म्हणायचं होतं ‘कोथिदो’, भात शिजवलाय. म्हटलं गेलं ‘कोसिदो’, भात शिवलाय. बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, झाकण उचलून आत बघितलं आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, ‘कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं?’ त्यानंतर मी भात करायला घेतला, की त्या डोळे बारीक करून हवेतल्या हवेत सुईत दोरा ओवायच्या.

दुसरं ते आघाताचं प्रकरण. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्या बाबतीत ठार बहिरा. ‘पापा’ हा शब्द घ्या. जोर शेवटच्या अक्षरावर दिला तर बाबा, पहिल्यावर दिला तर पोप. मी बाईंच्या मैत्रिणींना सांगितलं, माझा पोप पुण्यात नोकरी करतो, रोज दुपारी दहा मिनिटं झोपतो. हाच पहिल्या अक्षरावर जोर दिलेला शब्द पेरू-चिलीकडे बटाट्यालाही वापरतात. म्हणजे एवढ्याशा चुकीत बाबांचा धर्मगुरूही होतो आणि भाजीही.

बटाट्याचं निघालंच आहे तर. आपला ‘बटाटा’ पोर्तुगीजांकडून आला, हे मला माहीत होतं. पाव, काजू, अननस, चावी, पगार, दाराची बिजागरी, हे सगळं त्या एकाच गलबतातून उतरलेलं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, त्यामुळे ‘पगार’ तिकडे ‘पैसे देणं’ या अर्थानं भेटतो आणि ‘बिसाग्रा’ शब्दाखाली दुकानात खरोखर बिजागरीच निघते. या भरवशावर मी फळं-भाज्यांच्या दुकानात जाऊन दोन किलो ‘बातातास’ मागितले. बाईनं पिशवी भरून दिली. घरी येऊन बघते तर रताळी. कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘बाताता’ हे रताळ्याचंच नाव होतं. अँडीजमधल्या केचुआ भाषेतला ‘पापा’ म्हणजे आपला बटाटा. स्पेनमध्ये दोघांची सरमिसळ होऊन ‘पाताता’ झाला. थोडक्यात, रताळ्याचं नाव बटाट्याला देऊन ते पक्कं करून टाकणारे आपण. एकादशी नसताना दोन किलो रताळ्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. कीस केला. बाईंनी तीनदा वाढून घेतला.

त्यांच्या स्वयंपाकघराबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, पण एक सांगते. सालामांकाच्या उत्तरेला आर्मुन्या नावाचा पट्टा आहे, तिथली मसूर नावाजलेली. बाई मंगळवारी मसूर शिजवत. गाजर, कांदा, लसूण, तमालपत्र, लाल तिखटासारखी दिसणारी पण जेमतेम तिखट अशी धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड. सॉसेजचे तुकडे त्या माझ्या ताटलीतून वेचून स्वतःच्या ताटलीत घ्यायच्या. उरलं ते काय? आमटी. चिंचगूळ नसलेली, शांत स्वभावाची आमटी. तिथे म्हण आहे, मसूर आहे, खायची तर खा नाहीतर ठेव. आमच्या घरी ‘आहे हे असं आहे’ म्हणतात, तोच सूर. आणि जेवल्यावर उठायचं नाही. ताटल्या तशाच, पावाचे तुकडे तसेच, आणि गप्पा. याला ‘सोब्रेमेसा’ असा शब्द आहे आणि स्पॅनिश शिकणारे सगळे त्यावर भाळतात. मला आमच्या पडवीतला खरकटा हात सुकेपर्यंत बसणारा गोतावळा आठवायचा. आपण त्याला नाव दिलं नाही, एवढंच.

शहराबद्दल काहीच सांगितलं नाही अजून. सालामांका सोनेरी आहे. जवळच्या बियामायोर गावचा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, मग हवेनं घट्ट होतो आणि त्यातल्या लोहामुळे सोनेरी होत जातो. संध्याकाळी सातला प्लासा मायोर या चौकात उभं राहिलं की सगळ्या भिंती हळद लावल्यासारख्या. कुणालाही भेटायचं असेल तर ‘घड्याळाखाली’ असं सांगायचं. पुण्यात कसं ‘अलका टॉकीजपाशी’ म्हटलं की पुरतं, तसं. विद्यापीठ १२१८ मधलं. मी गेले त्या वर्षी आठशेवं साल साजरं होत होतं आणि जिकडेतिकडे फलक होते. विद्यापीठाच्या जुन्या दगडी दर्शनी भिंतीवर कोरीवकामाच्या गर्दीत एका कवटीवर बेडूक बसलेला आहे. तो स्वतःहून सापडला तर परीक्षेत पास, अशी समजूत. मला तो ओहायोच्या मुलानं बोटानं दाखवला, म्हणजे ते बादच.

याच गावात १४९२ च्या १८ ऑगस्टला आन्तोनियो दे नेब्रिखा नावाच्या पंडितानं कास्तिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेचं व्याकरण छापलं. युरोपातल्या चालत्या-बोलत्या भाषेचं ते पहिलं छापील व्याकरण मानतात. दोनच आठवड्यांपूर्वी, ३ ऑगस्टला, कोलंबस पालोस बंदरातून निघाला होता. प्रस्तावनेत नेब्रिखानं राणीला सांगितलंय, की भाषा ही नेहमीच साम्राज्याची सोबतीण असते. हे वाक्य सगळे सांगतात, आणि पुढे झालेला सगळा रक्तपात आठवून मलाही ते वाचताना बरं वाटत नाही. पण माझं मन रमलं ते पाचव्या भागात. तो भाग त्यानं परभाषेतून येऊन कास्तिलियन शिकू बघणाऱ्यांसाठी लिहिलाय. माझ्यासाठी! सव्वापाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी विचार केला होता, की बाहेरचा माणूस आपल्या दारात उभा राहिला तर त्याच्या हातात काय द्यायचं. असाच उलट्या दिशेनं आलेला विद्यार्थी म्हणजे आपला फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला, मराठी आणि कोंकणी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं ओवीबद्ध मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालं. कोंकणीचं व्याकरणही लिहिलं त्यानं. त्याच्या हेतूबद्दल काय म्हणायचं ते म्हणा. मला त्याला एकच विचारायचं होतं : बाबा रे, तू गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पहिल्यांदा काय म्हणून हाक मारलीस? ‘तू’ की ‘तुम्ही’?

डिसेंबरात थंडी शून्याखाली गेली आणि मी बाईंच्या टेबलाखाली राहायला गेले. अक्षरशः. त्या भागात घरोघरी एक गोल टेबल असतं, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारा जाड कापडाचा घेर, आणि आत तळाशी शेगडी. पूर्वी निखाऱ्यांची, आता विजेची. पाय घेराच्या आत घालून बसायचं. कमरेखाली वैशाख, कमरेवर पौष. माझं निम्मं स्पॅनिश त्या टेबलावर झालं. बाई विणायच्या, मी गृहपाठ करायचे, आणि अडलं की विचारायचे.

एकदा विचारलं, कायमच्या गोष्टीला ‘सेर’ आणि तात्पुरत्या गोष्टीला ‘एस्तार’ असं वर्गात शिकवतात. आपल्याकडे दोन्हीला ‘आहे’च, त्यामुळे इथे मराठी मदतीला येत नव्हती. मग ‘मेलेला आहे’ याला ‘एस्तार’ का? मरणापेक्षा कायमचं काय असतं? बाईंनी विणकामाची घरं मोजली, सुई थांबवली, भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे बघितलं. ‘तो काही मुळात मेलेला नव्हता ना,’ म्हणाल्या, ‘नंतर मेला.’ आणि पुन्हा विणायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं, तर प्राध्यापकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्यांच्याकडचा काचेचा पेला माझ्या हातून पडला तोही त्याच महिन्यात. मी घाबरून ‘मी पेला फोडला’ असं म्हटलं, प्रामाणिकपणे. त्या केरसुणी घेऊन आल्या आणि आधी माझं वाक्य दुरुस्त केलं. ‘तू फोडलास का मुद्दाम? मग असं म्हणायचं नाही. ‘से मे आ काइदो’ म्हणायचं.’ पेला आपला आपण पडला, आणि मध्ये तो बारका ‘मे’, माझ्या बाबतीत पडला. म्हणजे ‘माझ्या हातून पडला’. मी वाकून काचा वेचायला गेले, तर ओरडल्या, हात लावू नकोस, लागेल.

नाताळात मात्र मराठीनंच मला गोत्यात आणलं. मुलगी, जावई, नातवंडं आलेली. २४ तारखेला सकाळी बाई म्हणाल्या, दहा वाजता जेवू. स्पॅनिशमध्ये ‘नोसोत्रोस’ एकच. आपण आणि आम्ही असा भेद नाही. मी दिवसभर विचार करत राहिले. ‘आम्ही दहाला जेवू’, म्हणजे स्वयंपाकघर तेव्हा मोकळं नसेल, तुझं तू बघ? की ‘आपण दहाला जेवू’? घरच्यांच्या सणात आपण कशाला लुडबुड करा म्हणून मी साडेनऊला खोलीत मॅगी खाऊन घेतली. सव्वादहाला दार वाजलं. बाई नटूनथटून उभ्या. ‘काय, सूप गार होतंय, तू कुठे आहेस?’ त्या रात्री मी दोनदा जेवले आणि एकदाही सांगितलं नाही.

आणि मार्च आला. दुपारी वर्गावरून आले, दार उघडलं, तर बाई स्वयंपाकघरात स्टुलावर चढलेल्या. पायात घसरड्या सपाता, एक पाय स्टुलावर, दुसरा ओट्याच्या कडेवर, आणि हात कपाटावरच्या प्रेशर कुकरपर्यंत ताणलेला. मला काही विचार करायला वेळच मिळाला नाही. मी दारातूनच ओरडले, ‘पेरो के आथेस! बाखाते!’ अगं काय करतेयस! उतर खाली!

उस्तेदची आज्ञा ‘बाखेसे’. ती मला येत होती, परीक्षेत कधी चुकले नव्हते. पण माझी आजी कोरेगावच्या घरी माळ्यावर चढायची तेव्हा आम्ही काय म्हणायचो? ‘आजी, कृपया उतरावं’? आजीला आपण तूच म्हणतो. आईला तू, आजीला तू, विठोबाला तू. बाबांना अहो. इतकी साधी गोष्ट मला सहा महिने आठवली नव्हती, कारण वहीत ‘इन्फॉर्मल’ लिहून ठेवलं होतं.

ती उतरली. ‘मांदोना!’ म्हणाली, मोठी आली हुकूम सोडणारी, आणि कुकर माझ्याकडून काढून घेतला. विशेष काही घडल्याचं तिनं दाखवलं नाही. पण रात्री भिंतीपलीकडून मुलीशी फोनवर बोलणं ऐकू आलं. हवा, गुडघा, मासळीचा भाव, आणि मग मध्येच हळू आवाजात, ‘अगं, मला तू म्हणायला लागली.’ मी पांघरूण डोक्यावर ओढलं. इतकी लाज मला परीक्षेत नापास झाल्याचीही कधी वाटली नव्हती.

तिनं सांगितलं, की लहानपणी खेड्यात ती स्वतःच्या बापाला उस्तेद म्हणायची, तो जाईपर्यंत. आईलाही. आता तिची नातवंडं तिला तू म्हणतात आणि वर उलट उत्तरं देतात. ‘कुठलं बरं?’ मी विचारलं. ‘आताचं,’ म्हणाली, आणि जरा वेळानं, ‘बापाला एकदा म्हणून बघायला हवं होतं.’

एप्रिलमध्ये मी तापानं पडले. ती दाराशी सूप घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘नो ते मे पोंगास माला.’ वाक्याचा अर्थ ‘आजारी पडू नकोस’ एवढाच. पण त्यातही तो ‘मे’ होता, कुठल्याही नियमात न बसणारा, काढून टाकला तरी वाक्य चालेल असा. प्राध्यापकांनी नंतर त्याला एक भारदस्त नाव सांगितलं. मला नावाची गरज नव्हती. माझी आजी म्हणायची, ‘आता मला आजारी पडू नकोस हं.’ ‘हे पोर मला नीट जेवतच नाही.’ तोच तो ‘मला’. आजार माझा, जेवण माझं, आणि ‘मला’ तिचं. आता असं मराठी कोण बोलतं? मी तरी बोलत नाही. फोनवर आईला विचारलं, तर ती म्हणाली, ‘अगं हो की, म्हणायची खरी,’ आणि थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग मी काहीतरी सांगायला ‘पेरो’ म्हणून सुरुवात केली. स्पॅनिशमध्ये ‘पण’. आई म्हणाली, ‘पेरू? तिकडे मिळतात?’

जूनमध्ये परत निघाले. बसस्थानकावर ती सोडायला आली, शुक्रवारच्या केसांनिशी, मंगळवार असूनही. सामान ठेवून झालं. तिनं माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, ‘नो ते मे पिएर्दास.’ हरवू नकोस. मला हरवू नकोस. मी ‘नाही गं’ म्हटलं, मराठीत, आणि तिनं मान डोलावली.

बसची काच बंद होती, उघडत नव्हती. मी बोलत होते ते तिला ऐकू जाईना, ती बोलत होती ते मला. शेवटी तिनं नाद सोडला. एक डोळा बारीक केला, आणि खाली उभी राहून हवेतल्या हवेत सुईत दोरा ओवायला लागली.